नावापुढचं अक्षर

दस्तगीरभाई,

गेल्या आठवड्यात एका सकाळी शाळेच्या फळ्यावर तुमच्या दुखवट्याची सूचना लिहायला उभी राहिले, आणि तुमच्या नावापुढं काय लिहायचं तेच कळेना. सवयीनं हातानं 'क' काढला आणि हात तिथंच थांबला. तुमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत. तुम्हीच एकदा शिडीवरून सांगितलं होतं, "आमच्यात मरहूम म्हंत्यात बाई. पर माझ्या फुडं कायबी लिवू नका." तेव्हा मी हसले होते. पहिल्या बाकावरची पोरगी शेवटी म्हणाली, "बाई, फुडचं लिवा की." मी 'क' पुसला आणि नुसतं 'दस्तगीर पेंटर' लिहिलं. पोरांना दोन मिनिटं उभं केलं, शाळा सोडली, आणि ऑफिसात येऊन बसल्यावर तुमचा असा राग आला की सांगायची सोय नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे, ती मला ठाऊक आहे. चांगलं लिहीनच, न लिहून सांगते कुणाला. पण नऊ वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत आलो आणि तुम्ही भांडण निम्म्यात टाकून उठून गेलात. खोकला काय सगळ्यांनाच येतो. जून महिन्यात शिडीला टेकून उभे होतात, "टरपेंटाइननं छाती भरल्याली हाय, बाकी कायबी न्हाय" म्हणालात, आणि मी ते खरं धरून चालले.

आपली शाळा सरकारची, पण सरकारनं दिलं काय, तर चार भिंती आणि मी. मी कुरुंदवाडची. बदली होऊन कोल्हापूरच्या या कडेच्या गावात आले तेव्हा भिंतींना चुना नव्हता आणि वर्गात पोरी तर नव्हत्याच. मग एकेक माणूस हाताशी लागत गेला. तालमीच्या पोरांनी चुना मारला. पेठेतले जैन दुकानदार अण्णा दरवर्षी वह्या-पेन्सिली देऊ लागले. फौंड्रीतल्या कामगारांनी पत्रा आणि अँगल आणून दाराशी हा एवढा मोठा फलक उभा केला, 'आमचे गुणवंत विद्यार्थी'. आणि त्यावरची अक्षरं तुमची. कुणी बोलावलं नव्हतं तुम्हाला. सायकलीला डबे अडकवून आलात, पत्र्यावर हात फिरवलात आणि म्हणालात, "पत्रा झकास हाय. ह्याच्यावर कुनी वाकडं लिवलं तर माझं डोकं फिरंल. मीच काढतो."

तेव्हापासून पंधरा ऑगस्ट म्हणजे आपल्याकडं झेंडा एकीकडं आणि फलक एकीकडं. झेंडावंदन झालं की फलकावरची चादर ओढायची, आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या पोरानं सगळी नावं मोठ्यानं वाचायची. हलगी वाजायची, गुलाल उडायचा, बायकांनी केलेले बुंदीचे लाडू वाटले जायचे. ज्याचं पोरगं फलकावर आलं तो बाप त्या दिवशी कामावर जात नसे. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेल्या पोराचा बाप मला वाटेत थांबवून विचारायचा, "बाई, औंदा आमचं पत्र्यावर येतंय न्हवं?"

तुम्ही अक्षर लिहीत नव्हता, काढत होता. दोरीला खडू लावून ओळी मारायच्या, करंगळी पत्र्यावर टेकवायची, श्वास धरायचा आणि एक वेलांटी ओढायची. शाळा तुमची तिसरीपर्यंत. वाचायचा कंटाळा. "तुमी कागदावर लिवून द्या बाई, तुमचं बघून काढतो," हीच आपली पद्धत. एका वर्षी मी 'चि. पांडुरंग' लिहून दिलं आणि तुम्ही 'चि. पांडबा' काढलंत, का, तर समदा गाव त्याला पांडबाच म्हणतो. मी तुम्हाला सगळ्या पोरांसमोर झाडलं होतं. कागदावर आहे तसंच काढायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तुम्ही हसत म्हणालात, "बरं बाई. आता डोकं घरी ठिवून येत जातो." ते वाक्य माझ्या मानगुटीवर अजून बसलेलं आहे.

पुढच्याच वर्षी शालन आली. फौंड्रीतल्या बाळू चौगुल्याची थोरली. चौथीच्या स्कॉलरशिपला गावातली एकही पोरगी कधी लागली नव्हती, ती लागली. वाचायची काय खणखणीत. शेवटच्या बाकावर पेंगणारा पोरगासुद्धा उठून बसायचा. तिला पाचवीला शहरात घालायचं म्हणून मी तिच्या घरी चार खेटे घातले. त्या घरात आजीचा शब्द चालायचा. आजी शेवटी म्हणाली, "गावाफुडं पोरीचं नाव लागू दे पत्र्यावर. चार मान्सं बरं म्हनली तर धाडू." मी रस्त्यानं उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण आजवर मी हे कागदावर उतरवलेलं नाही.

त्या वर्षी बक्षिसं बरीच आली होती. कुणी वडिलांच्या नावानं पाटी दिलेली, कुणी आईच्या नावानं दप्तर. चौदा ऑगस्टच्या दुपारी मी यादी करायला बसले. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, अशा ओळींमागून ओळी लिहीत गेले, आणि त्याच कागदावर खाली पोरांची नावं. चि., चि., चि. आणि मग शालन. 'कु.' लिहायचं होतं. 'क' आला, आणि हात गेली पंधरा मिनिटं जे करत होता तेच त्यानं केलं. खाली उकार द्यायचा सोडून वर दोन मात्रा दिल्या. 'कै. शालन बाळू चौगुले'. पुन्हा वाचलं नाही. झेंड्याची दोरी सापडत नव्हती, ती शोधायला उठले.

तासाभरानं तुम्ही दारात आलात, हातात कागद. "बाई, ह्यात हाय तसंच काढायचं न्हवं?" मी मान वर न करता म्हणाले, "तसंच. डोकं चालवू नका म्हणून सांगितलंय ना?" तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. तेवढ्यात मी वर बघायला हवं होतं. "बरं," म्हणालात आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी चादर ओढली. पहिला नंबर शालनचाच, त्यामुळं वाचायचं तिनंच. नवा परकर, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. संक्षिप्त रूपं मीच शिकवली होती तिला. चि. म्हणजे चिरंजीव, कु. म्हणजे कुमारी, कै. म्हणजे कैलासवासी. फलक वाचताना पूर्ण रूप म्हणायचं, अर्धवट नाही, अशी माझी सक्त ताकीद. तिनं तसंच वाचलं. "चिरंजीव," "चिरंजीव," "चिरंजीव," आणि मग त्याच दमात, त्याच खणखणीत आवाजात, "कैलासवासी शालन बाळू चौगुले." वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, शाबासकीसाठी. दस्तगीरभाई, तिला स्वतःला कळायच्या आधी सगळ्या गावाला कळलं होतं.

हलगी थांबली. आजीनं पोरीला ओढून पदराखाली घेतलं आणि गळा काढला. कुणीतरी खुरपं आणलं आणि ती ओळ पत्र्यासकट खरवडली. कुणीतरी तुमची कॉलर धरली. "मुद्दाम लिवलंय ह्येनं. आपली पोर फुडं गेल्याली बघवत न्हाय ह्यांस्नी." 'ह्यांस्नी' म्हणजे कुणाला ते सगळ्यांना समजलं. ज्यांच्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवल्या होत्या तीच माणसं होती. दोन थोबाडीत बसल्या. तुम्ही खिशातून माझा कागद काढलात, उघडून बघितलात, मग माझ्याकडं बघितलंत. मी तुमच्यापासून चार पावलांवर, झेंड्याच्या काठीला धरून उभी. तुम्ही कागदाची घडी घातलीत, खिशात परत ठेवलात आणि म्हणालात, "माझी नजर चुकली."

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. आठ दिवसांनी मी चौगुल्यांच्या घरी गेले आणि आजीला म्हणाले, "आजी, चूक पेंटरची आहे. त्याला धड वाचता येत नाही. त्याची शिक्षा पोरीला कशाला?" हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आजी म्हणाली, "पेंटरची असू दे न्हायतर आनि कुनाची. जित्या पोरीला तिच्याच तोंडानं मेली म्हनवलं तुमच्या शाळंनं. आता उंबरा वलांडायची न्हाय ती." दाराआड शालन उभी होती. माझं बोलणं तिनं ऐकलं असणार, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

शालन पाचवीला गेली नाही. साधा ताप आला तरी घर हादरायचं, दृष्ट काढायचे, अंगारा लावायचे. पंधराव्या वर्षी तिचं लग्न राधानगरीच्या पलीकडं लावून दिलं. मला बोलावणं नव्हतं. तुमचं गावातलं काम तुटलं. तुम्ही नाक्यावर बसून ट्रकांच्या मागं फुलं आणि मोर काढायला लागलात. फलकावर दोन वर्षं मीच खडूनं नावं लिहिली, पाऊस आला की धुऊन जायची. तिसऱ्या वर्षी चौदा ऑगस्टला तुम्ही सायकल घेऊन दारात, जसं काही झालंच नाही. "खडूनं लिवताय व्हय पत्र्यावर? पोरांचा आपमान हाय ह्यो." गावातलं कुणी बोललं नाही. मला वाटतं, त्यांनाही लाज वाटत होती.

तेव्हापासून आपलं भांडण. खरवडलेली ती ओळ तुम्ही दरवर्षी मोकळी सोडत आलात. वरची नावं वर, खालची खाली, मधे गंजलेला पट्टा. आणि दरवर्षी एकच वाक्य, "ती जागा भरूया की, बाई." मी म्हणायची, बघू. पुढच्या वर्षी. सरपंचांना विचारते. कुणालाही विचारलं नाही. ती जागा भरायची तर कुणीतरी विचारणार, तेव्हा नेमकं झालं काय, आणि मग तुमच्या खिशातला तो कागद. एकदा धीर करून मी विचारलं होतं, "तो कागद कुठं आहे?" तुम्ही डब्यात ब्रश बुडवत म्हणालात, "कंचा कागद?" मी रात्रंदिवस त्या कागदाला भ्याले आणि तुम्ही 'कंचा' म्हणून मोकळे झालात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तोंडून गेलंच. सांगून टाकते सगळ्यांना, म्हणाले. तुम्ही शिडीवरून खाली उतरलात. इतके चिडलेले मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

"तवा सांगितलं असतं तर तुमची बदली झाली असती. तेरा पोरी हुत्या शाळंत. समद्यांच्या आयांनी पोरी काढल्या असत्या. मला चार शिव्या बसल्या, त्यात काय बिघडलं? मला सवय हाय."

"आणि शालन?"

तुम्ही ब्रश फडक्यानं पुसलात. मग म्हणालात, "तिचंच तेवढं ऱ्हायलं."

तुमचं म्हणणं खरं होतं हे मला कबूल आहे. त्या तेरा पोरींतल्या दोघी आज मास्तरणी आहेत, एक नर्स आहे. फलकावर आता पोरांपेक्षा पोरींची नावं जास्त लागतात आणि त्या प्रत्येक नावाखाली तुमच्या दोन थोबाडीत आहेत. हे ऋण मला फिटायचं नाही. पण माझंही ऐका. तुम्ही मला वाचवलंत आणि तिथंच मला भित्री करून ठेवलंत. मला विचारलं होतंत का? एकदा माझ्या हातात कागद देऊन म्हणाला असतात, "बाई, ह्ये तुमीच वाचा मोठ्यानं," तर कदाचित मी वाचला असता. कदाचित म्हणते, कारण माझी मला खात्री नाही.

या जूनमध्ये तुम्ही शेवटचं विचारलंत. मी म्हणाले, भरू, पण पुढं काय लिहिणार? तेव्हाची कु., आता सौ. झाली. तुम्ही म्हणालात, "फुडं कायबी नको. ते फुडचं अक्षर बदलत ऱ्हातंय. नुसतं नाव काढू." आणि मी काय म्हणाले? सगळ्यांच्या पुढं आहे, एकीच्याच पुढं नाही, बरं दिसत नाही. आपलं शेवटचं बोलणं हे. बरं दिसत नाही.

तुमची माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी भाबींकडं गेले. बसले, रडले, आणि निर्लज्जासारखं त्या कागदाचं विचारलं. भाबी माझ्याकडं बघतच राहिल्या. "वो कागद? उसीच दिन चूल में डाले की. बोले, बाई के हात का है, किसी को मिलना नको." म्हणजे बारा वर्षं मी ज्याला भ्याले ते त्याच संध्याकाळी तुमच्या चुलीत जळून गेलं होतं. तुमच्याजवळ स्वतःसाठी एवढा एकच पुरावा होता. आता माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

म्हणून काल एस.टी.नं गेले. राधानगरीच्या पुढं उतरून चिखलातून दोन मैल चालले. शालन गोठ्यात धार काढत होती. मला बघून उठली नाही, म्हैस धरलेली होती. बाजूला तिची पोरगी उभी, पहिलीत जाते. शालन बावीसची असेल, हातांवरून चाळिशीची वाटते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पेंटर गेले. ती चूक त्यांची नव्हती. कागदावर मीच 'कै.' लिहून दिलं होतं, त्यांनी विचारलं तर मीच त्यांना गप्प केलं, आणि तुझ्या आजीजवळ मी खोटं बोलले.

धारेचा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता ती मला बाहेर काढेल. काढायलाच हवं होतं. तिनं चरवी खाली ठेवली.

"म्हंजी बाई," ती म्हणाली, "मी बरूबर वाचलं हुतं?"

मला काही समजेना.

"लोकांनी लगीच खरवडलं की. मला परत बघायलाच मिळालं न्हाय. तुमी आजीला म्हनला, पेंटरला वाचता येत न्हाय. मला वाटलं, त्येनी कु.च काढलं आसंल आनि मीच चुकीचं वाचलं. माझ्यामुळं पेंटरमामाला मारलं. आजी मरंपातुर म्हनायची, तू तोंड उघडलंसच कशाला. तवापासनं मी मोठ्यानं काय वाचतच न्हाय बाई. ही पुस्तक घेऊन येती, तर हिला म्हनते बापाकडं जा."

दस्तगीरभाई, तुम्ही आणि मी गप्प बसलो होतो तेव्हा हिशेबात फक्त तुमचा मार होता आणि माझी नोकरी. ही दहा वर्षांची पोर काय घेऊन घरी गेली, ते आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही कागद जाळलात, त्यात तिचंही काही जळलं. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही असता तर तुम्हालाच सांगितलं असतं आणि आपण दोघंही तिथं शेणात बसून रडलो असतो.

मी तिला म्हणाले, "बरोबर वाचलंस. एक अक्षर चुकली नव्हतीस." आणि शाबास म्हणाले. बारा वर्षांची राहिलेली शाबासकी गोठ्यात दिली, दुसरं जवळ काही नव्हतं. ती रडली नाही. मला माफ केलं असंही म्हणाली नाही. चहा ठेवला, पण माझ्याजवळ बसली नाही.

आज चौदा ऑगस्ट. भाबींनी तुमचा बारका ब्रश आणि पांढऱ्याचा डबा दिला. शिडीला अण्णांच्या दुकानातला माणूस धरून उभा होता. दोरीला खडू लावून ओळ मारली, करंगळी टेकवली, श्वास धरला. गंज घासून काढला तरी रंग नीट बसत नाही. 'शालन बाळू चौगुले'. पुढं काही नाही, तुम्ही म्हणाला होता तसंच. 'ळ' वाकडा आला आहे, तुम्ही असता तर पुसायला लावलं असतंत. खालच्या कडेला, दाराशी येणाऱ्याला दिसेल असं, बारक्या अक्षरात तुमचं नाव काढलं. तेही नुसतंच.

उद्या झेंडा झाल्यावर, चादर ओढायच्या आधी, मी गावासमोर हाच कागद वाचणार आहे. लोक काय करतील ठाऊक नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, बदली करायची तर करू देत. निघताना शालनला म्हणाले होते, येशील का, फलक तूच वाच. ती म्हशीला वैरण टाकायला वळली. मी चिखलातून बरीच लांब आल्यावर तिची पोरगी मागून पळत आली, धापा टाकत. म्हणाली, "आई इचारती, पयली एस.टी. कितीला हाय?"